लिथियम बॅटरीचा माल परदेशी पाठवताना : आधी कागद, मग खोका

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रबाळे, महापे, तुर्भे येथील छोट्या कारखान्यांतून बॅटरीवर चालणारी मोजमाप-उपकरणे, वैद्यकीय यंत्रे, दिवे आणि सुटे बॅटरी पॅक परदेशी जात असतात. त्यांपैकी काही माल मुंबई विमानतळाच्या सहार येथील कार्गो संकुलातून परत येतो, आणि परत येण्याचे कारण बहुतेक वेळा बॅटरीत नसतेच. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी खोका भरला जातो, फॉरवर्डरने, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या एजंटने, पाठवलेले लेबल त्यावर चिकटवले जाते, टेम्पो निघतो, आणि पॅक किती वॅट-अवरचा आहे, म्हणजे त्यात किती ऊर्जा साठते, हा प्रश्न विमानतळावरचा माणूस पहिल्यांदा विचारतो. या प्रश्नाच्या उत्तरावर खोक्याचा प्रकार, लेबल, कागद आणि विमान या चारही गोष्टी अवलंबून असल्याने तिथे काही सावरता येत नाही.

पुढील टप्पे मुख्यतः लिथियम-आयन बॅटरीच्या हवाई मालवाहतुकीसाठी आहेत. समुद्रमार्गाविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे. हवाई वाहतुकीला आयसीएओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, टेक्निकल इन्स्ट्रक्शन्स लागू होतात, भारतात त्यांची अंमलबजावणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) करते, आणि प्रत्यक्ष कामात सगळे जण आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचे डेंजरस गुड्स रेग्युलेशन्स, म्हणजे डीजीआर, वापरतात. डीजीआरची नवी आवृत्ती दरवर्षी १ जानेवारीला लागू होते. त्यामुळे गेल्या वर्षीच्या कन्साइनमेंटची फाइल समोर ठेवून यंदाचा माल बांधू नये.

सुरुवातीआधी : सही कोणाची, जबाबदारी कोणाची

'फॉरवर्डर बघून घेईल' हे वाक्य या धंद्यात फार महागात पडते. मालाची वर्गवारी, पॅकिंग, लेबल आणि डिक्लेरेशन यांची जबाबदारी नियमाने शिपरची, म्हणजे माल पाठवणाऱ्याची असते. फॉरवर्डर किंवा सीएचए (कस्टमचे काम करणारा एजंट) मदत करतो, परंतु बॅटरीच्या आत काय आहे हे त्याला माहीत नसते. तुम्ही सांगाल तेवढेच त्याला कळते. धोकादायक मालाची पूर्ण कागदपत्रे तयार करणाऱ्या आणि त्यांवर सही करणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण झालेले असावे लागते आणि ते दर २४ महिन्यांनी पुन्हा करावे लागते. लहान बॅटरींच्या सवलतीच्या गटातील (टप्पा ३ पाहा) माल बांधणाऱ्यांनाही पुरेशा सूचना दिलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. प्रशिक्षित माणूस कारखान्यात नसेल, तर हे काम करणाऱ्या पॅकिंग एजन्सीला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. खोके बांधून झाल्यावर तिला बोलावण्यात अर्थ नसतो.

## टप्पा १ : बॅटरी कोणती आणि किती वॅट-अवरची

लिथियम-आयन म्हणजे पुन्हा चार्ज होणारी बॅटरी. लिथियम-पॉलिमर आणि लिथियम आयर्न फॉस्फेट याच गटात येतात. लिथियम-मेटल म्हणजे एकदाच वापरायची, जसे घड्याळातले बटन सेल. आयनची मोजणी वॅट-अवरमध्ये होते, तर मेटलची मोजणी लिथियमच्या ग्रॅममध्ये होते. उपकरणातल्या सर्किट बोर्डावर वेळ राखण्यासाठी बसवलेला बटन सेल अनेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून यादी करताना उपकरण एकदा उघडून पाहावे.

वॅट-अवर काढण्यासाठी नाममात्र व्होल्टेजला अँपिअर-अवरने गुणावे. १०,००० मिलिअँपिअर-अवरची, ३.७ व्होल्टची बॅटरी ३७ वॅट-अवरची होते. पॉवर बँकेच्या बाबतीत बरेच जण आउटपुटचे ५ व्होल्ट धरून गुणाकार करतात. हे चूक आहे, कारण क्षमता आतल्या सेलच्या व्होल्टेजवर लिहिलेली असते.

आता जरा अडचणीचे उदाहरण घेऊ, कारण हातात धरण्याच्या उपकरणांत हा पॅक सर्रास सापडतो. ३४०० मिलिअँपिअर-अवरचे आठ सेल, चार सिरीज आणि दोन पॅरलल, म्हणजे ६.८ अँपिअर-अवर. सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७ धरले तर पॅक १४.८ व्होल्टचा आणि ऊर्जा १००.६४ वॅट-अवर. ३.६ धरले तर १४.४ व्होल्ट आणि ९७.९२ वॅट-अवर. पॅक तोच, परंतु पहिल्या आकड्याने तो सवलतीच्या शंभर वॅट-अवरच्या मर्यादेबाहेर पडून पूर्ण धोकादायक माल ठरतो आणि दुसऱ्याने सवलतीच्या गटात बसतो. कोणता आकडा धरायचा हे आपल्या सोयीने ठरत नाही. सेल बनवणाऱ्याने जाहीर केलेले नाममात्र व्होल्टेज, पॅकवर छापलेले वॅट-अवर आणि चाचणी अहवालातील वॅट-अवर हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. डिझाइन अजून कागदावर असेल, तर पॅक ९५ वॅट-अवरच्या आत ठेवण्याचा आग्रह मी धरेन. त्या पाच-सहा वॅट-अवरने उपकरण जेवढे जास्त चालते, त्याहून कितीतरी अधिक खर्च प्रत्येक निर्यातीला होतो.

*तपासणी :* पॅकच्या बाहेरील आवरणावर वॅट-अवरचा आकडा छापलेला आहे का? केवळ मिलिअँपिअर-अवर लिहिलेला पॅक पुढच्या टप्प्यावर नेऊ नये.

*सावधान :* १८६५० आकाराच्या सेलची प्रामाणिक क्षमता साधारणपणे ३५०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास थांबते. वेष्टनावर ९९०० छापलेला सेल मिळाला, तर त्याच्याबरोबर आलेल्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवू नये.

## टप्पा २ : यूएन ३८.३ ची टेस्ट समरी

सर्वाधिक वेळ इथे जातो, आणि सर्वाधिक गैरसमजही इथेच आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या 'मॅन्युअल ऑफ टेस्ट्स अँड क्रायटेरिया' या पुस्तिकेतील ३८.३ या उपविभागात लिथियम सेल आणि बॅटरीच्या टी-१ ते टी-८ अशा आठ चाचण्या आहेत: उंचीवरचा कमी दाब, तापमानातील चढउतार, कंपन, धक्का, बाहेरून शॉर्ट सर्किट, आघात किंवा चुरडणे, जादा चार्ज आणि सक्तीचा डिस्चार्ज. प्रत्येक चाचणी प्रत्येक वस्तूला लागत नाही, परंतु जी लागू आहे ती उत्तीर्ण झाल्याशिवाय बॅटरी वाहतुकीला देता येत नाही. या चाचण्यांचा ठरावीक मजकुराचा सारांश म्हणजे टेस्ट समरी. उत्पादकाने आणि पुढील वितरकांनी ती उपलब्ध करून देणे १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक आहे.

पुरवठादाराकडे टेस्ट समरी मागितली की ईमेलमधून भलतेच कागद येतात. एमएसडीएस हा रासायनिक माहितीचा कागद आहे. त्यावरून चाचणी झाल्याचे सिद्ध होत नाही. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय बाजारपेठेसाठी असते आणि आयईसी ६२१३३ हे वापरातील सुरक्षिततेचे मानक आहे. हे दोन्ही कागद चांगले आहेत, पण ३८.३ ची जागा ते घेऊ शकत नाहीत.

आपल्या भागात अधिक गंभीर चूक होते ती पॅक बांधणाऱ्यांकडून. सेल नामांकित कंपनीचे, त्यांची टेस्ट समरी हातात, म्हणून त्यांपासून बांधलेला पॅकही पास, असे मानले जाते. तसे नसते. सेल वेगळा आणि अनेक सेल जोडून, बीएमएस (चार्ज-डिस्चार्ज सांभाळणारे सर्किट) लावून, आवरणात बसवलेला पॅक वेगळा. पॅकची चाचणी पॅक म्हणूनच व्हावी लागते. पुढे कधी सेलचा मेक किंवा संरक्षक सर्किट बदलले, तर जुना अहवाल लागू राहतो की नाही हे प्रयोगशाळेकडून लेखी विचारून घ्यावे. खरेदी विभाग स्वस्त मिळाले म्हणून दुसऱ्या कंपनीचे सेल आणतो आणि निर्यात विभागाला त्याचा पत्ता नसतो, हे नेहमीचेच आहे. चाचणीसाठी अनेक नमुने आणि कित्येक आठवडे लागतात, म्हणून परदेशी ग्राहकाला डिलिव्हरीची तारीख देण्याआधी हा टप्पा पूर्ण झालेला असावा.

चाचणी न झालेला प्रोटोटाइप किंवा वर्षाला शंभरापर्यंतच बनणारा पॅक पाठवायचा असेल, तर विमान वाहतूक प्राधिकरणाची विशेष मान्यता घेऊन, केवळ मालवाहू विमानाने, वेगळ्या पॅकिंगमध्ये पाठवता येतो. 'नमुनाच तर आहे' म्हणून साध्या खोक्यातून पाठवण्याची मुभा नाही.

*तपासणी :* समरीवर पॅकच्या उत्पादकाचे नाव व संपर्क, प्रयोगशाळेचे नाव, अहवालाचा क्रमांक व तारीख, पॅकचे वर्णन, वजन, वॅट-अवर, मॉडेल क्रमांक, प्रत्येक चाचणीचा निकाल आणि जबाबदार व्यक्तीचे नाव व हुद्दा आहे का ते पाहावे. समरीवरचा मॉडेल क्रमांक आणि पॅकवरचा मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर सारखा असावा. एखादी आडवी रेघ कमी असली तरी प्रश्न विचारला जातो.

## टप्पा ३ : यूएन क्रमांक, पॅकिंग इन्स्ट्रक्शन आणि सेक्शन

बॅटरी उपकरणाशी कोणत्या नात्याने जाते, यावर यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा ओळख क्रमांक) आणि पॅकिंग इन्स्ट्रक्शन (डीजीआरमधील पॅकिंगचा क्रमांकित नियम) ठरतात:

- लिथियम-आयन बॅटरी एकटी जात असेल तर यूएन ३४८० आणि पॅकिंग इन्स्ट्रक्शन ९६५.
- उपकरणासोबत, पण उपकरणाबाहेर, त्याच खोक्यात असेल तर यूएन ३४८१ आणि ९६६.
- उपकरणात बसवलेली असेल तर यूएन ३४८१ आणि ९६७.
- लिथियम-मेटलसाठी हीच विभागणी यूएन ३०९० आणि ३०९१, आणि ९६८, ९६९, ९७० अशी होते.

पॉवर बँक हे उपकरण नव्हे, बॅटरीच आहे. तिची जागा यूएन ३४८० मध्ये. उपकरणात एक पॅक बसवलेला आणि त्याच खोक्यात एक सुटा पॅक असेल, तर त्या खोक्याला 'सोबत पॅक केलेली' हे वर्णन आणि ९६६ लागते. सुट्या पॅकच्या संख्येलाही मर्यादा आहे: उपकरण चालवायला लागतात तेवढे, अधिक दोन जादा संच. आपल्या उदाहरणातील उपकरणाला एक पॅक लागतो, म्हणून एका उपकरणामागे तीन पॅक चालतील. एका उपकरणासोबत दहा पॅक घालून ते 'सोबत'चे म्हणवता येत नाहीत.

यानंतर सेक्शन, म्हणजे पॅकिंग इन्स्ट्रक्शनमधील उपविभाग. आयन सेल २० वॅट-अवरपर्यंत आणि बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंत असेल, तर ९६६ आणि ९६७ मध्ये सेक्शन दोनची सवलत मिळते, आणि एका खोक्यातील बॅटरींचे निव्वळ वजन ५ किलोपर्यंत चालते. त्यापुढे सेक्शन एक लागतो. त्यात प्रवासी विमानाने खोक्यामागे ५ किलो आणि मालवाहू विमानाने ३५ किलो. इथे निव्वळ वजन म्हणजे फक्त बॅटरींचे वजन, उपकरणाचे नाही. अख्खा खोका काट्यावर ठेवून ५ किलोची मर्यादा ओलांडली म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

एकट्या जाणाऱ्या बॅटरीला सेक्शन दोन आता नाहीच. २०२२ मध्ये ती सवलत काढून टाकण्यात आली. मर्यादेच्या आतील बॅटरी ९६५ च्या सेक्शन आयबी मध्ये जाते, खोक्यामागे १० किलोपर्यंत. मर्यादेबाहेरची, किंवा खोक्यात १० किलोहून अधिक असलेली, सेक्शन आयए मध्ये जाते, ३५ किलोपर्यंत. दोन्हींना पूर्ण डिक्लेरेशन लागते आणि दोन्ही केवळ मालवाहू विमानाने जातात. यूएन ३४८० प्रवासी विमानात माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. मोबाइलच्या एका सुट्या बॅटरीलाही हे सगळे लागू होते, आणि नौपाड्यातल्या कुरियरच्या काउंटरवरून मुलाला अमेरिकेत पॉवर बँक पाठवणारे गृहस्थ नेमके इथे अडतात.

म्हणूनच व्यवहाराचा सल्ला असा की, ग्राहकाला सुटे पॅक लागणार असतील तर ते मूळ उपकरणाच्या खोक्यातच, मर्यादेत, पाठवून द्यावेत. सहा महिन्यांनी तेच पॅक एकटे पाठवायचे झाले तर खर्च आणि कागद दोन्ही कित्येक पटींनी वाढतात.

## टप्पा ४ : विमान कंपनी आणि देश

डीजीआरने परवानगी दिली म्हणजे विमान कंपनीने दिली असे होत नाही. अनेक कंपन्यांचे स्वतःचे अधिक कडक नियम डीजीआरमध्येच छापलेले असतात आणि काही कंपन्या एकट्या बॅटरी घेतच नाहीत. वाटेत विमान बदलणार असेल तर दोन्ही कंपन्यांचे नियम पाहावे लागतात. देशांचेही वेगळे नियम असतात. अमेरिकेला जाणाऱ्या पूर्ण धोकादायक मालाच्या डिक्लेरेशनवर चोवीस तास उत्तर देणारा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक लागतो. कार्यालयाचा दहा ते सहा चालणारा क्रमांक तिथे चालत नाही.

फॉरवर्डरला विचारताना 'बॅटरी आहे, जाईल का?' असे विचारू नये. यूएन क्रमांक, पॅकिंग इन्स्ट्रक्शन, सेक्शन, एका पॅकचे वॅट-अवर, खोक्यांची संख्या, प्रत्येक खोक्यातील निव्वळ वजन आणि गंतव्य विमानतळ असा एकच ईमेल टेस्ट समरीसह पाठवावा आणि होकार लेखी घ्यावा.

## टप्पा ५ : चार्ज तीस टक्क्यांवर आणणे

एकट्या जाणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीचा चार्ज तिच्या नाममात्र क्षमतेच्या ३० टक्क्यांहून अधिक नसावा, हा नियम २०१६ पासून आहे. १ जानेवारी २०२६ पासून उपकरणासोबत सुट्या जाणाऱ्या, २.७ वॅट-अवरपेक्षा मोठ्या बॅटरींनाही तो बंधनकारक झाला आहे. उपकरणात बसवलेल्या बॅटरीसाठी मर्यादा पाळण्याची शिफारस आहे, पण एकाच खोक्यात दोन्ही असताना मी तरी सगळेच पॅक तीसच्या आत आणेन. गोंधळाला जागा राहत नाही.

प्रश्न मोजण्याचा आहे. मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघणे ही सर्वांची सवय, परंतु व्होल्टेज आणि चार्ज यांचे नाते सेलच्या रसायनावर आणि पॅक किती वेळ स्थिर ठेवला आहे यावर अवलंबून असते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये तर मधल्या मोठ्या पट्ट्यात व्होल्टेज जवळपास हलतच नाही. दुसरी चूक म्हणजे चार्जरचा 'स्टोरेज' मोड. तो साधारणपणे दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून थांबतो आणि बहुतेक लिथियम-आयन सेलमध्ये हा चार्ज ३० टक्क्यांच्या वर असतो.

भरवशाची पद्धत अशी: पॅक उत्पादकाने सांगितलेल्या खालच्या व्होल्टेजपर्यंत डिस्चार्ज करावा, काही वेळ स्थिर ठेवावा, आणि मग अँपिअर-अवर मोजणाऱ्या चार्जरने ठरावीक चार्ज भरावा. ६.८ अँपिअर-अवरच्या पॅकसाठी ३० टक्के म्हणजे २.०४ अँपिअर-अवर. प्रत्यक्षात १.७ च्या आसपास, म्हणजे २५ टक्क्यांवर, थांबावे म्हणजे मोजण्यातील चुकीलाही वाव राहतो. अगदी रिकामा पॅक पाठवणेही शहाणपणाचे नाही, कारण बीएमएस थोडी वीज खात राहते आणि प्रवास लांबला तर सेल फार खाली जाऊन खराब होतो.

*तपासणी :* प्रत्येक पॅकचा अनुक्रमांक, भरलेला चार्ज, तारीख आणि काम करणाऱ्याची सही यांची नोंदवही ठेवावी. चार्ज आणल्यानंतर 'एकदा चालू करून बघू' म्हणून कोणी पुन्हा चार्जरला लावणार नाही, याची व्यवस्था करावी. हे हमखास घडते.

## टप्पा ६ : पॅकिंग

पॅकिंगचे उद्दिष्ट तीन गोष्टी टाळणे: शॉर्ट सर्किट, हालचाल आणि उपकरण आपोआप चालू होणे. प्रत्येक सुटा पॅक स्वतंत्र, वीज न वाहणाऱ्या पिशवीत किंवा कप्प्यात पूर्णपणे बंद असावा. उघड्या टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावावी. कनेक्टर असेल तर त्यावर टोपी बसवावी. पॅकच्या शेजारी स्क्रू, चावी, धातूचा स्टँड असे काही ठेवू नये. उपकरणाचे बटण खोक्यात दाबले जाणार नाही, अशा रीतीने फोम कापावा किंवा आतील स्विच बंद करावा.

सेक्शन दोनला आणि आयबी ला मजबूत, टणक बाहेरचा खोका चालतो. सुटे पॅक असलेला खोका १.२ मीटरवरून कोणत्याही बाजूने पडला तरी आतील बॅटरी सरकू नये, एकमेकींना भिडू नये, बाहेर येऊ नये. अशा खोक्याने ३ मीटर उंचीच्या थप्पीचा भारही पेलला पाहिजे. आयए ला आणि ९६६ च्या सेक्शन एकमधील बॅटरींना यूएन प्रमाणित पॅकिंग लागते. पुठ्ठ्याच्या अशा खोक्यावर 'फोर जी' ने सुरू होणारी खूण असते आणि तिच्यात एक्स किंवा वाय अक्षर असावे लागते. झेड असलेला खोका चालत नाही. उपकरणात बसवलेल्या बॅटरीला, ९६७ मध्ये, यूएन खोका लागत नाही, मजबूत खोका पुरतो. अशा पॅकिंगची चाचणी व प्रमाणन अंधेरीतील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग करते. तयार खोका विकत घेताना प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी.

यूएन खोक्यासोबत तो बंद करण्याच्या सूचनांचा कागद येतो आणि बहुतेक ठिकाणी तो कचऱ्यात जातो. चाचणी ज्या रुंदीच्या टेपने आणि ज्या पद्धतीने बंद केलेल्या खोक्याची झाली, तसाच तो बंद करावा लागतो. हाताशी असलेली कुठलीही खाकी टेप लावली तर त्या प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही.

*सावधान :* जून ते सप्टेंबर या काळात कारखान्याच्या दारात, पत्र्याच्या पागोळ्यांखाली माल चढवला जातो. ओल धरलेला पुठ्ठा मऊ पडतो, थप्पीत खालचा खोका बसतो आणि तो मोडलेला खोका सहारला कोणी स्वीकारत नाही. खोके पॅलेटवर, जमिनीपासून वर ठेवावेत, वरून पारदर्शक फिल्म गुंडाळावी आणि तिच्यातून सगळी लेबले स्पष्ट वाचता येतात का ते पाहावे.

*सावधान :* यूएन ३४८० चा माल ज्वालाग्राही द्रव किंवा तत्सम धोकादायक मालाबरोबर एकाच बाहेरच्या खोक्यात घालता येत नाही. सुटे पॅक आणि लेन्स पुसायच्या अल्कोहोलची बाटली एकाच 'ॲक्सेसरी किट'मध्ये जाणार असतील, तर किट फोडून वेगळी करावी.

## टप्पा ७ : खुणा आणि लेबले

इथे तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची अदलाबदल होते. पहिली म्हणजे बॅटरी मार्क: लाल तिरप्या रेघांची किनार, आत बॅटरीचे चित्र आणि यूएन क्रमांक, किमान आकार १०० बाय १०० मिलिमीटर, खोका लहान असेल तर १०० बाय ७०. दुसरे म्हणजे वर्ग ९ चे लिथियम बॅटरीचे लेबल, ज्याला ९ए म्हणतात. चौकोन टोकावर उभा, वर काळ्या उभ्या पट्ट्या, खाली बॅटरींचे चित्र. बॅटरीचे चित्र नसलेले साधे वर्ग ९ चे लेबल बॅटरीला चालत नाही. तिसरे म्हणजे केवळ मालवाहू विमानासाठीचे केशरी लेबल.

सेक्शन दोनला फक्त बॅटरी मार्क लागतो. ९६६ किंवा ९६७ च्या सेक्शन एकला ९ए, आणि मालवाहू विमानाचे प्रमाण असेल तर केशरीही. आयए ला ९ए आणि केशरी. आयबी ला तिन्ही लागतात, आणि सर्वाधिक खोके इथेच एक लेबल कमी पडून परत येतात. पूर्ण धोकादायक मालावर यूएन क्रमांक, मालाचे अधिकृत नाव आणि पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पूर्ण पत्ताही लिहावा लागतो. हे सारे इंग्रजीत. उपकरणात बसवलेल्या बॅटरीला एक छोटी सूट आहे: खोक्यात जास्तीत जास्त चार सेल किंवा दोन बॅटरी, आणि कन्साइनमेंटमध्ये दोनपेक्षा अधिक खोके नसतील, तर सेक्शन दोनचा मार्क लावावा लागत नाही.

लेबल खोक्याच्या कडेवरून दुमडू नये, टेपच्या पट्टीखाली अर्धवट झाकू नये, आणि जुन्या खोक्यावरील पूर्वीची लेबले पूर्णपणे काढावीत. अनेक खोके एका मोठ्या आवरणात घातल्याने आतील खुणा दिसत नसतील, तर त्या बाहेर पुन्हा लावून 'ओव्हरपॅक' हा शब्द किमान १२ मिलिमीटर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत लिहावा.

## टप्पा ८ : कागदपत्रे

सेक्शन एक, आयए आणि आयबी ला शिपर्स डिक्लेरेशन लागते. दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा असलेला हा फॉर्म. त्यातील मालाचे नाव डीजीआरमध्ये छापले आहे तसेच लिहावे. 'ली-आयन बॅटरी पॅक, रिचार्जेबल' असे कारखान्यातील नाव चालत नाही. वर्ग ९ लिहावा, पॅकिंग ग्रुपचा रकाना रिकामा ठेवावा, खोक्यांची संख्या व प्रकार, प्रत्येकातील निव्वळ वजन आणि पॅकिंग इन्स्ट्रक्शनचा क्रमांक लिहावा. आयबी असेल तर तेही लिहावे. खाडाखोड झाली तर त्या दुरुस्तीशेजारी सही करणाऱ्यानेच तीच सही करावी. नाही तर नवा फॉर्म भरलेला बरा.

सेक्शन दोनला डिक्लेरेशन नाही. एअरवे बिलावर, म्हणजे हवाई मालाच्या वाहतूक-पावतीवर, संबंधित पॅकिंग इन्स्ट्रक्शनच्या सेक्शन दोनचे पालन केले आहे, असे विहित वाक्य येते. हे वाक्य फॉरवर्डर टाइप करतो, म्हणून एअरवे बिलाचा मसुदा मागवून स्वतः वाचावा. ९६६ च्या जागी ९६७ पडलेला मी अनेकदा पाहिला आहे.

इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि डिक्लेरेशन यांत मालाचे वर्णन एकच असावे. लिथियम-आयन बॅटरी कस्टमच्या ८५०७ ६० या शीर्षकात येते. इन्व्हॉइसवर 'इलेक्ट्रॉनिक स्पेअर्स' आणि एक्स-रेच्या पडद्यावर आठ गोल सेल, असे जुळले नाही की प्रकरण कागद सुधारण्यावर थांबत नाही. न जाहीर केलेला धोकादायक माल सापडल्यास विमान कंपनीला त्याची नोंद प्राधिकरणाकडे करावीच लागते. कागदांची प्रत किमान तीन महिने ठेवणे नियमाने आवश्यक आहे. मी वर्षभर ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण ग्राहकाचे प्रश्न तीन महिन्यांत संपत नाहीत.

## टप्पा ९ : सहारला स्वीकृती

विमान कंपनीचा माणूस छापील तपासणी-यादी घेऊन खोका आणि कागद रकान्यागणिक पडताळतो. एकही उत्तर 'नाही' आले तर माल स्वीकारला जात नाही. त्यामुळे तीच यादी आदल्या दिवशी कारखान्यात, माल बांधण्यात भाग न घेतलेल्या माणसाकडून भरून घ्यावी. प्रत्येक खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढावेत. टेम्पोसोबत जाणाऱ्याकडे दोन-दोन जादा लेबले, टेस्ट समरीची प्रत आणि सही करणाऱ्याचा मोबाइल क्रमांक असावा. सही करणारी व्यक्ती त्या वेळेत फोन उचलेल, हेही पाहावे.

मे महिन्यात ऐरोलीहून सहारपर्यंत आणि पुढे रांगेत, बंद टेम्पोत माल तासन्‌तास उन्हात तापतो. गाडी सकाळी लवकर काढावी आणि थांबायचे झाल्यास सावलीत थांबवावी. वाटेत खोका पडला, चेपला किंवा भिजला, तर तो बाजूला काढून उरलेला माल द्यावा. मात्र खोक्यांची संख्या बदलली म्हणजे डिक्लेरेशन आणि एअरवे बिलही बदलते.

## न्हावाशेवामार्गे, समुद्राने

घाई नसेल आणि सुटे पॅक मोठ्या संख्येने जायचे असतील, तर समुद्रमार्ग बहुधा सोयीचा. तिथे आयएमडीजी कोड, म्हणजे समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली, लागू होतो. यूएन क्रमांक, ३८.३ ची अट आणि शंभर वॅट-अवरची मर्यादा तीच आहे. मर्यादेतील बॅटरींना विशेष तरतूद १८८ खाली बरीच सूट मिळते, मात्र एकट्या बॅटरीच्या खोक्याचे एकूण वजन ३० किलोच्या आत असावे आणि बॅटरी मार्क लावावा लागतो. त्यावरच्या बॅटरींना धोकादायक मालाचे डिक्लेरेशन आणि कंटेनर भरल्याचे प्रमाणपत्र लागते. तीस टक्के चार्जचा विमानातील नियम इथे त्या स्वरूपात नाही. तरीही शिपिंग कंपनी स्वतःची अट घालू शकते. धोकादायक मालाचे बुकिंग कंपनी आधी कागद तपासून मंजूर करते, आणि या मंजुरीआधी कंटेनर भरायला घेऊ नये.

## परत येणारे पॅक

निर्यात सुरळीत झाल्यावर काही महिन्यांनी परदेशी ग्राहकाचा ईमेल येतो: एक पॅक फुगला आहे, वॉरंटीत परत पाठवत आहोत. तत्काळ थांबवावे. फुगलेली, गळणारी, चेपलेली किंवा सुरक्षेच्या कारणाने परत मागवलेली लिथियम बॅटरी विमानाने नेता येत नाही, मग ती उपकरणात असो वा बाहेर. ग्राहकाकडून अनुक्रमांक आणि फोटो घ्यावेत, बॅटरी काढून उपकरण तेवढे परत मागवावे, आणि पॅकची विल्हेवाट त्याच देशातील अधिकृत संकलन केंद्रात लावण्याची व्यवस्था करावी. ही अट विक्रीच्या करारातच लिहिलेली असावी, आणि कोणता पॅक 'सदोष' मानायचा याचे निकष ग्राहकाला उपकरणाबरोबरच छापून द्यावेत.